मनीबॅकचे 80,000 आणि गाडीतला ॲम्प

प्रश्न : वय 36, भांडुपला राहतो, नोकरी फोर्टात, हातात महिना 95,000. पत्नी घर सांभाळते, मुलगी 5 वर्षांची. घराचे 48 लाखांचे कर्ज, हप्ता 42,000. गाडीतल्या कंपनीच्या स्टिरिओचा आवाज अगदीच फुसका आहे. ऑपेरा हाऊसच्या दुकानदाराने ॲम्प्लिफायर, सबवूफर, फिटिंगसकट 45,000 सांगितले. साडूंनी दिलेल्या मनीबॅकचे पहिले 80,000 नुकतेच आलेत, म्हणजे पैसे फुकटचेच. बसवू का? (पॉलिसी 20 वर्षांची, विमा 4 लाख, हप्ता 30,000. दर पाच वर्षांनी 80,000, शेवटी बोनस धरून 4 लाख 80 हजार. दुसरा विमा नाही.)

उत्तर : ‘फुकटचे’ कसले? पाच वर्षांत तुम्ही दीड लाख भरलेत, त्यातलेच 80,000 परत आलेत. वीस वर्षांत भराल 6 लाख, मिळतील 7 लाख 20 हजार. परतावा पडतो वर्षाला अडीच टक्क्यांच्या जरा वर. पीपीएफ 7.1 टक्के देतो आणि तिथे साडू लागत नाहीत.

पण माझी झोप उडवली ती कंसातल्या शेवटच्या तीन शब्दांनी. उद्या तुमचे काही बरेवाईट झाले, तर घरी येतील 4 लाख आणि थोडाफार बोनस. बँक मागेल 48 लाख. 4 लाखांत जेमतेम नऊ हप्ते जातात. त्यापुढे पत्नीने काय करायचे? पॉलिसी विकताना साडूंनी कर्जाचा आकडा विचारला होता का? मला नाही वाटत.

दीड कोटीचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) घ्या, वयाच्या साठीपर्यंतचा. सिगारेट ओढत नसाल तर वर्षाला 20-25 हजार पडतील, म्हणजे मनीबॅकपेक्षा कमीच. सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. ‘हप्ते परत देणारा’ टर्म कोणी गळ्यात मारू पाहील, त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. फॉर्मवर आजार, औषधे काहीही लपवू नका. टर्मची पॉलिसी हातात आल्यावरच मनीबॅकच्या शाखेत जा आणि सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे घेणे) व पेड-अप (हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवणे), दोन्हींचे आकडे लेखी मागा. पुढचा हप्ता त्यानंतर ठरवू.

80,000 मधून टर्मचे 25 गेले की उरतात 55. तुमचा घराचा एक हप्ता आणि वर थोडी चिल्लर. शिल्लक काही आहे का, हे तुम्ही लिहिलेले नाही, म्हणजे नसावी. तेव्हा 45,000 आत्ता नाहीत.

आवाजाची हौस मला कळते. खोक्यावर ‘50 वॉट गुणिले 4’ छापलेले असले, तरी कंपनीचा स्टिरिओ एका चॅनलला सलग 15-20 वॉटच देतो, त्यामुळे ॲम्पने फरक नक्की पडतो. पण मूळचे स्पीकर कच्चे असतील तर ते नुसतेच मोठ्याने फाटतील. दिवाळी बोनसमधून आधी पुढच्या दोन दारांचे स्पीकर बदला, दारांना डॅम्पिंग (पत्र्याची थरथर थांबवणारे चिकट शीट) करून घ्या. हे 12-15 हजारांत होते. मग एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोन रविवार ऐकून बघा. तरीही ॲम्प हवासा वाटला, तर वायर कापू देऊ नका, कपलरच (मूळ सॉकेटमध्ये थेट बसणारा जोड) वापरायला सांगा, नाहीतर वॉरंटीच्या वेळी सर्व्हिस सेंटर हात वर करेल. बॅटरीजवळ फ्यूज हवाच. गाडीच्या विम्यातही नोंद करा. बाहेरून बसवलेल्या सामानाला किमतीच्या साधारण 4 टक्के जादा प्रीमियम पडतो. नोंद नसेल तर चोरी झाल्यावर त्याचा एक रुपया मिळत नाही.

साडूंना हे कसे सांगायचे, ते मात्र घरी बायकोला विचारा.