वाढलेले यार्ड कुठून आले? गोल्फवरची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आयर्न क्लबचा (गोल्फच्या काठ्यांचा) नवा सेट घेतला. सेव्हन आयर्न पूर्वीपेक्षा चांगला पंधरा यार्ड लांब जातो. पण शंभर यार्डांच्या आसपास आता कुठलाच क्लब बसत नाही. वेज म्हणजे जवळच्या फटक्यांच्या क्लबांपैकी पिचिंग वेज पुढे जातो, सँड वेज कमी पडतो. स्विंग बिघडला का?

स्विंग ठीक आहे, लॉफ्ट बदलले आहेत. लॉफ्ट म्हणजे क्लबचा फेस (चेंडूला लागणारा भाग) मागे किती कलला आहे तो कोन; तो कमी असला की चेंडू लांब जातो. क्लबवर कोणता नंबर छापायचा हे कुठल्याही नियमात नाही, ते बनवणारी कंपनी ठरवते. जुन्या सेटमध्ये सेव्हन आयर्नचा लॉफ्ट ३५ अंशांच्या आसपास असायचा. आज हौशी खेळाडूंसाठीच्या बऱ्याच सेटमध्ये तो २८ ते ३० अंश असतो. वाढलेल्या यार्डांपैकी मोठा वाटा तिथून आलाय. याला मी फसवणूक म्हणणार नाही. क्लबहेडचं वजन तळाशी नेलं आणि फेस पातळ केला की चेंडू कमी लॉफ्टनेही उंच उडतो, म्हणून लॉफ्ट कमी करणं शक्य होतं.

अडचण सेटच्या खालच्या टोकाला येते. अशा सेटमधला पिचिंग वेज ४३ अंशांचा असू शकतो आणि तुमचा जुना सँड वेज बहुधा ५६ चा असेल. मधे १३ अंशांची दरी! दोन वेजमध्ये चार ते सहा अंशांचं अंतर असावं, म्हणजे मधे निदान एक, खरं तर दोन क्लब हवेत. ४८ आणि ५२ अंशांचे वेज तुमचं काम करतील. मात्र नियमाप्रमाणे बॅगेत १४ च क्लब ठेवता येतात, तेव्हा काहीतरी काढावं लागेल. माझं मत स्पष्ट आहे: फोर आयर्न काढा. शंभर यार्डांचा फटका प्रत्येक फेरीत अनेकदा येतो, फोर आयर्न मात्र बहुतेक हौशी खेळाडूंच्या हातून क्वचितच नीट बसतो.

खरेदीआधी एक काम करा. प्रत्येक क्लबने दहा चेंडू मारा आणि चेंडू हवेतून किती गेला, म्हणजे कॅरी किती, ते लिहा. सर्वांत लांब गेलेला फटका तुमचं अंतर नव्हे. सर्वांत चांगला आणि सर्वांत वाईट सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर) थांबतो की पलीकडे घरंगळतो, तेही बघा. लॉफ्ट कमी झाला की चेंडू उतरतो चपट्या कोनाने आणि त्याला फिरकीही कमी मिळते. ग्रीनवर न थांबणारे पंधरा यार्ड मला कमाई वाटत नाहीत.

प्रश्न : २०२५ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये रॉरी मॅकिलरॉयचा ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) चाचणीत नापास झाला, असं वाचलं. इतका मोठा खेळाडू नियमबाह्य क्लब कसा वापरतो?

यात त्याचा काही दोष नाही. त्याच आठवड्यात स्कॉटी शेफलरचाही ड्रायव्हर नापास झाला होता. शेफलरने दुसरा ड्रायव्हर घेऊन क्वेल हॉलोवर ती स्पर्धा पाच फटक्यांनी जिंकली. ड्रायव्हरच्या फेसला मर्यादेपेक्षा जास्त ‘स्प्रिंग’ असू नये, यासाठी चेंडू फेसला किती काळ चिकटून राहतो त्याच्याशी जोडलेलं एक माप घेतात. त्याची मर्यादा २३९ मायक्रोसेकंद आहे आणि त्यावर १८ ची सूट. हजारो जोरदार फटक्यांनी फेस हळूहळू पातळ आणि लवचीक होतो आणि एक दिवस मर्यादा ओलांडतो. नवा असताना तोच क्लब पूर्ण नियमात असतो.

हौशी खेळाडूच्या वेगाला हे इतक्या सहज होत नाही. फेसवर बारीक तडा दिसला किंवा आवाज बदलला, तर मात्र क्लब तपासून घ्या.

प्रश्न : गोल्फचा चेंडू ‘मंद’ होणार म्हणतात. आताच साठा करून ठेवू का?

नको. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए या संस्थांनी डिसेंबर २०२३ मध्ये बदल जाहीर केला. चेंडूची चाचणी पूर्वी ताशी १२० मैल क्लबहेड वेगाने व्हायची, ती १२५ मैलांनी होईल, पण ३१७ यार्डांची मर्यादा तीच राहील. सर्वांत लांब मारणाऱ्यांचे १३ ते १५ यार्ड कमी होतील, हौशी खेळाडूचे पाच किंवा त्याहून कमी, असा त्यांचा अंदाज आहे. हौशी खेळासाठी ठरवलेलं वर्ष २०३०. साठवलेले चेंडू त्यानंतर स्पर्धेत चालणारही नाहीत. त्यापेक्षा आज एकच मॉडेल निवडून सतत तेच वापरा. दर होलला वेगळा चेंडू काढला, तर ग्रीनभोवतीच्या नाजूक फटक्यांचा अंदाज कधीच पक्का होत नाही.

प्रश्न : माझा आणि मित्राचा हँडिकॅप इंडेक्स (खेळाडूची पातळी सांगणारा आकडा) सारखाच, १६.०. तरी त्याला त्याच्या कोर्सवर सूट म्हणून १८ फटके मिळतात आणि मला माझ्या कोर्सवर १४. हा अन्याय नाही का?

उलट, न्याय व्हावा म्हणूनच ही पद्धत आहे. २०२० पासूनच्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत इंडेक्स तुमच्या शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वोत्तम ८ वरून निघतो. प्रत्यक्ष मिळणारे फटके कोर्सच्या अवघडपणावर ठरतात. इंडेक्सला स्लोप रेटिंगने (कोर्स सामान्य खेळाडूला तुलनेने किती अवघड, तो आकडा) गुणायचं, ११३ ने, म्हणजे प्रमाण स्लोपने, भागायचं आणि कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूला लागतील असे अपेक्षित फटके) व पार (कोर्ससाठी ठरवलेले फटके) यांतला फरक त्यात मिळवायचा.

समजा त्याच्या कोर्सचा स्लोप १२८, रेटिंग ७१.४ आणि पार ७२. सोळा गुणिले १२८ भागिले ११३ म्हणजे १८.१, त्यातून ०.६ वजा केले की १७.५, म्हणून १८. तुमच्या कोर्सचा स्लोप ११३, रेटिंग ७० आणि पार ७२ असेल, तर १६ वजा २, म्हणजे १४. तुम्ही त्याच्या कोर्सवर खेळलात तर तुम्हालाही १८ मिळतील. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण दोन अनोळखी माणसं कुठेही भेटली तरी बरोबरीने खेळू शकतात.

प्रश्न : चेंडू झाडीत गेला. मी न बोलता दुसरा चेंडू मारला आणि मग पहिला सापडला. कोणता खेळायचा?

दुसराच. दुसरा चेंडू मारण्याआधी तो ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता) आहे हे स्पष्ट सांगावं लागतं. तसं न सांगता मारला, की एक दंडाचा फटका धरून तोच चेंडू खेळात येतो आणि पहिला सापडूनही उपयोग नसतो. ‘प्रोव्हिजनल’ सांगून मारलात आणि तीन मिनिटांच्या आत पहिला कोर्सच्या हद्दीत सापडला, तर पहिलाच खेळायचा, मग तो कितीही वाईट जागी असो. शोधायला पूर्वी पाच मिनिटं मिळत, २०१९ पासून तीन मिळतात.

प्रश्न : नोकरी, घर, मुलं. सरावाला आठवड्यात जेमतेम तासभर मिळतो. जे. जे. स्पॉनने २०२५ च्या यूएस ओपनला ‘झीरो टॉर्क’ पटरने (चेंडू होलमध्ये घरंगळवायच्या क्लबने) अखेरच्या होलवर ६४ फुटांचा पट, म्हणजे घरंगळता फटका, घातला. असा पटर घेऊ का?

या पटरची रचना अशी असते की स्ट्रोक चालू असताना फेसला आपोआप वळायची ओढ नसते. तुमचे छोटे पट डावी-उजवीकडे चुकत असतील, तर तो जरूर वापरून बघा. पण तीन-तीन पट बहुतेक अंतर चुकल्यामुळे लागतात, आणि ते कुठलाही पटर सुधारत नाही. आठ फुटांवरून व्यावसायिक खेळाडूही जवळपास निम्मेच पट घालतात. म्हणून पहिला लांब पट तीन फुटांच्या आत नेऊन ठेवणं हे तुमचं खरं काम.

तासातली चाळीस मिनिटं ग्रीनवर घालवा. २०, ३० आणि ४० फुटांवरून पट मारा, दर वेळी अंतर बदला, एकाच जागेवरून दोनदा मारू नका. उरलेल्या वेळात नव्वद यार्डांच्या आतले वेजचे फटके मारा. ड्रायव्हर त्या दिवशी गाडीतच राहू द्या. सरळ रेषेचा सराव घरी, मुलं झोपल्यावर सतरंजीवर रोज पाच मिनिटं करता येतो.