"मॅडम, कामापुरता फोन कसा करू?"

करिअर समुपदेशनासाठी येणाऱ्या चाळिशीच्या आसपासच्या लोकांचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असतं. "आमच्या ओळखीच नाहीत हो. ज्या आहेत त्यांना वर्षानुवर्षं फोन केलेला नाही. आता गरज पडल्यावर कुठल्या तोंडाने करायचा?"

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात असलेले एक गृहस्थ नेमकं हेच घेऊन आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) राहायला वारज्यात, सगळी नोकरी इंजिनाचे भाग तपासण्यात गेलेली. इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नसतं, मग आपलं काय, हा घोर लागलेला. बायकोने आग्रह केला म्हणून सेनापती बापट रस्त्यावर मराठा चेंबर या उद्योजकांच्या संस्थेच्या एका सेमिनारला जाऊन आले होते. "चहा घेतला, कार्डं दिली, कार्डं घेतली, घरी आलो." ती कार्डं रबरबँड लावून ड्रॉवरमध्ये पडून होती.

"पुढे पुढे करणं आपल्या रक्तातच नाही, मॅडम."

नसेना का. मला त्यांच्या खिशातल्या फोनमध्ये जास्त रस होता. काँटॅक्ट उघडून मोठ्याने वाचायला सांगितलं. 'गेज भोसरी'. 'कॅलिब्रेशनवाले काका'. 'ऑडिट सर जुने'. 'बस वारजे', म्हणजे कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसणारा, जो पुढे रांजणगावला गेला. पाच-दहा नावं वाचून ते थांबले. "पण ह्यांच्याशी नुसतं कामापुरतं बोलणं व्हायचं. ही काय ओळख झाली?"

क्वालिटीचा माणूस आकड्याशिवाय ऐकत नाही, म्हणून त्यांना मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा 1973 चा निबंध सांगितला. बॉस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून नोकरीचं कळलं तो तुम्हाला किती वेळा भेटायचा? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी 'वारंवार' म्हणणारे 16.7 टक्के, 'अधूनमधून' म्हणणारे 55.6 आणि 'क्वचित' म्हणणारे 27.8 टक्के निघाले. रोज आपल्यासोबत डबा खाणाऱ्याला बहुधा आपल्याला ठाऊक असलेल्याच बातम्या ठाऊक असतात. नवी खबर दुसऱ्या वर्तुळातल्या माणसाकडे असते. 2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात लिंक्डइनच्या 2 कोटींहून अधिक सदस्यांवरचा अभ्यास आला. त्यातही नोकरी बदलताना सर्वांत उपयोगी ठरली ती मध्यम सैल ओळख, निव्वळ तोंडओळख नव्हे.

"म्हणजे ड्रॉवरमधली कार्डं नाहीत, ऑडिट सर," ते म्हणाले. मी मान डोलावली.

मग मेसेज. त्यांनी तिथेच टाइप केला: 'नमस्कार सर, कसे आहात? सीव्ही पाठवत आहे. काही ओपनिंग असल्यास कृपया बघावे.' असा मेसेज आला की समोरच्याची पंचाईत होते. जागा असेल तर शिफारस करायची जबाबदारी, नसेल तर नाही म्हणायचा संकोच. मग तो उत्तरच देत नाही आणि आपण म्हणतो, माणसं बदलली. आम्ही तो पुन्हा लिहिला:

'नमस्कार सर. तुम्ही आमच्याकडे ऑडिटला यायचात, तेव्हा कास्टिंगच्या पोरोसिटीवरून आपला बराच वाद झाला होता, आठवत असेल. तुम्ही हल्ली इलेक्ट्रिकच्या वेंडरकडे जाता असं कळलं. मोटरच्या हाउसिंगचं लीक टेस्टिंग कसं चालतं, त्यात आमच्यासारख्याने काय शिकून घ्यावं, एवढंच विचारायचं होतं. दहा मिनिटं मिळाली तर तुमच्या सोयीने फोन करतो.'

ह्यात नोकरी मागितलेली नाही, पण आपण कोण आणि आपल्याला काय येतं हे सगळं आलंय. शिवाय ज्याला विचारलं त्याला सांगण्याजोगं काही आहे. अनुभवी माणसाला आपल्या कामाबद्दल बोलायला आवडतं, ह्याचा आपण फार कमी फायदा घेतो.

असे काही मेसेज गेले. बसवाल्याने निळी टिक दाखवून मौन पाळलं. ऑडिट सरांनी मात्र रविवारी सकाळी स्वतःहून फोन केला आणि दहा मिनिटांऐवजी चांगला पाऊण तास बोलले. हाउसिंग, म्हणजे मोटरचं बाहेरचं कवच, ॲल्युमिनियमच्या कास्टिंगचंच; पोरोसिटीचा, म्हणजे ओतीव धातूत राहणाऱ्या बारीक छिद्रांचा, त्रास तोच. म्हणजे निम्मं काम हाताखालचंच निघालं. जागा त्यांच्याकडे नव्हती.

"मग आता परत फोन कशाच्या नावाने करू?" हा पुढचा प्रश्न. माझ्या मते ओळखी टिकतात की सुटतात ते ह्याच टप्प्यावर ठरतं. सरांनी जे शिकायला सांगितलं ते शिकायला घेतलं की दोन ओळी कळवायच्या. कॅलिब्रेशनवाल्या काकांना उपयोगी पडेल अशी चौकशी कुणाकडून आली तर ती त्यांच्याकडे वळवायची. गणपतीत फॉरवर्ड केलेल्या मोदकांच्या चित्राला मी संपर्क धरत नाही, हे मी सगळ्यांनाच सांगते.

मागच्या भेटीत ते जरा वैतागूनच आले. एका कंपनीत मुलाखतीची पहिली फेरी झाली होती, तीही ऑडिट सरांच्या सांगण्यावरूनच; पण त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. कॅलिब्रेशनवाल्या काकांनी पुतण्याचा सीव्ही पाठवला होता. "मीच अजून लटकलोय, मॅडम. मी त्याला कुठे चिकटवू?"

"चिकटवायला कुणी सांगितलंय? सीव्ही वाचा, आणि काय कमी आहे ते त्या मुलाला फोन करून सांगा."

"ते जमेल," म्हणाले. "मोजमापावर भरवसा ठेवता येतो का हे बघायची आमची साधी चाचणी, गेज आर अँड आर; त्याने तिचं स्पेलिंगसुद्धा चुकवलंय."