चेटकिणींच्या शाळेतून बाहेरच येत नाही!

प्रश्न: मुलगी ९ वर्षांची आहे, सध्या तिला फक्त छोट्या चेटकिणी जादू शिकतात तसलीच पुस्तकं लागतात, एकच पुस्तक चार-चारदा वाचते आणि दुसरं काही दिलं की तोंड वाकडं. घरातले म्हणतात असल्यानं पोरीला वाटेल सगळं जादूनंच होतं, मेहनत नको. बंद करू का? – एक आई

उत्तर: ताई, अजिबात बंद करू नका. घरच्यांची काळजी कळते मला, पण या गोष्टींत जादू चुटकीसरशी होतच नाही हो, ती शिकावी लागते आणि शिकताना पोरं सपाटून आपटतात. जिल मर्फीचं १९७४ चं ‘द वर्स्ट विच’ हे पुस्तक बघा. त्यातली मिल्ड्रेड चेटकिणींच्या शाळेत शिकते, तिच्या वर्गात सगळ्यांना काळी मांजरीची पिल्लं मिळतात, हिच्यापर्यंत येईतो काळी संपतात म्हणून हिला पट्ट्यापट्ट्यांचं, आणि त्या बिचाऱ्याला झाडूवर धड बसता येत नाही. परीक्षेत हसवणारा काढा करायचा असतो, ही गायब होण्याचा करून ठेवते! तरी दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन बसतेच ना. शाळेत चुकायची धास्ती घेतलेल्या मुलांना हे वाचून केवढा धीर येतो, मी बघितलंय.

तिला एइको कादोनो या जपानी लेखिकेची किकी पण द्या, पुस्तक १९८५ चं, त्यावरून जपानी दिग्दर्शक मियाझाकींनी १९८९ मध्ये सिनेमा केला. १३ वर्षांची किकी घर सोडून अनोळखी गावात जाते, तिला जादू येते एकच, उडायची, मग त्याच्याच जोरावर ती लोकांचं सामान पोचवायचं काम सुरू करते. आता यात मेहनत नाही असं कोण म्हणेल?

परत परत वाचते ते वाचू दे, शेवट माहीत असला की मुलं निवांतपणे बारकावे बघतात. रात्री एखादं प्रकरण तुम्ही वाचा, एखादं ती, आणि मध्येच विचारा की हा मंत्र फसला का गं? नाहीतर तिलाच एक मंत्र रचायला सांगा, अट एवढीच की त्या मंत्रानं काय होणार नाही ते आधी ठरवायचं, इथे मुलं जे डोकं चालवतात ना!

फक्त मोठ्या मुलांसाठीच्या पुस्तकमालिकांत पुढचे भाग बरेच काळोखे होत जातात, ते आधी स्वतः चाळा, आणि ती झोपेत दचकायला लागली तर तेवढं पुस्तक वर्षभर वरच्या फळीवर.