सॅच्युरेशन ९८ दिसतंय, मग ऑपरेशननंतर रिकव्हरीत (भूल उतरेपर्यंत) श्वास मोजायचा कशाला?

तुम्ही वाशीच्या नर्सिंग होममध्ये नव्याने लागलात आणि सॅच्युरेशन ९८ असतानाही सीनियर सिस्टर मिनिटभर श्वास मोजायला लावतात, हे उगाच का, असा तुमचा प्रश्न. उगाच नाही, सिस्टरांचंच बरोबर आहे.

बोटावरचा प्रोब रक्तातला ऑक्सिजन (सॅच्युरेशन) सांगतो, श्वास नाही. मास्कमधून ५-६ लिटर ऑक्सिजन चालू असला की फुप्फुसात साठा राहतो. श्वास मिनिटाला ६ वर आला तरी आकडा बराच वेळ हलत नाही. तोवर कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पेशंट अजून गुंगतो. सॅच्युरेशन पडू लागेपर्यंत उशीर झालेला असतो.

मॉनिटरवरचा श्वासाचा आकडाही फसवा. तो बहुतेक ईसीजीच्या लीडवरून (छातीला चिकटवलेल्या तारांवरून), छातीच्या हालचालीवरून येतो. जीभ मागे पडून श्वासाची वाट बंद झाली तरी छाती ओढ घेतच असते, आणि मशीन तेही श्वास म्हणून मोजतं. अशा वेळी छाती आत जाते, पोट वर येतं. म्हणून मास्ककडे बघा. उच्छ्वासाला आतून वाफ धरते, श्वास घेताना ती विरते. वाफ दिसत नसेल तर तोंडापाशी हात धरून हवा लागते का बघा. नातेवाईक म्हणतात, 'छान घोरतायत'. घोरणं म्हणजे अर्धी बंद वाट, आणि ते एकदम थांबलं तर जास्त भीती. कानाखाली जबड्याच्या कोनामागे दोन्हीकडून बोटं घालून जबडा पुढे उचला.

मोजताना हात पोटाच्या वरच्या भागावर ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. १२ ते २० ठीक. १० च्या खाली आला की हाक मारून जागं करा, दीर्घ श्वास घ्यायला सांगा. ८ च्या खाली गेला किंवा हाकेला ओ मिळाली नाही, तर भूलतज्ज्ञांना बोलवा, अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हाताशी घ्या. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील तर फेंटानिल-मॉर्फिन या वेदनाशामकांचा अंमल समजा. त्यावर नॅलोक्सोन (त्यांचा उतारा) दिलं तरी त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, त्यामुळे पेशंट पुन्हा गुंगू शकतो. श्वास भरभर पण उथळ आणि मान उचलता येत नाही, तर स्नायू ढिले करणारं औषध पुरतं उतरलेलं नाही. तेही डॉक्टरांना लगेच सांगा.

बीपीचा पट्टा प्रोबच्या हातावर नको, फुगला की आकडा जातो.

पहिली १५ मिनिटं दर ५ मिनिटांनी नोंद करा. श्वासाची ट्यूब काढताना डोळे उघडणारा पेशंट शांत पडला की परत गुंगतो, आणि छोट्या जागी वेगळी रिकव्हरी नसली तर नेमका त्याच वेळी तो वॉर्डात नेताना लिफ्टमध्ये असतो. सिलेंडर आणि अँबू बॅग ट्रॉलीवर घेऊनच निघा.