ग्राफिक्स कार्ड नको, एक वही द्या

प्रश्न: माझं उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे. गेले आठ महिने रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम लिहितोय. सहा चाली पुढचं बघतो म्हणे. मागच्या आठवड्यात त्यात दोन नवीन युक्त्या घातल्या, तर नवा प्रोग्रॅम जुन्याकडूनच दहा डावांत सात-तीन असा हरला. आता म्हणतो, मशीन कमी पडतंय, साठ हजारांचं ग्राफिक्स कार्ड घ्या. यात काही करिअर आहे का, की आत्ताच बंद करायला लावू? (त्यानं लिहून दिलेला कागद सोबत जोडलाय.)

उत्तर:

नमस्कार. आधी पैशांचं सांगतो. कार्ड घेऊ नका. कागदावरून दिसतंय की त्याचा प्रोग्रॅम अल्फा-बीटा पद्धतीनं चाली शोधतो आणि डावाची किंमत साध्या बेरजेनं ठरवतो. हे सगळं काम प्रोसेसर करतो, ग्राफिक्स कार्ड तिथं नुसतं बसून राहील.

त्याचं घोडं कुठं अडलंय ते आकड्यांत बघा. डावाच्या मध्यावर एका वेळी साधारण ३५ चाली शक्य असतात. सहा चाली, म्हणजे तीन आपल्या आणि तीन समोरच्याच्या, सगळ्या तपासायच्या तर सुमारे १८४ कोटी शक्यता होतात. अल्फा-बीटात एखादी चाल वाईट आहे एवढं सिद्ध झालं की ती किती वाईट आहे हे बघत बसत नाहीत, तिथंच सोडून देतात. दरवेळी उत्तम चाल आधी तपासली गेली, तर त्याच सहा चालींसाठी ८५,७४९ शक्यता पुरतात. हे गणित नुथ आणि मूर यांनी १९७५ साली मांडलं. क्रम उलटा लागला, तर मात्र जवळजवळ सगळं ओझं परत अंगावर येतं. म्हणजे वेग आहे तो क्रमात. दुप्पट वेगाचं मशीन आणलं तरी या पद्धतीत आणखी एक चाल खोल जायला पुरणार नाही, कारण क्रम उत्तम असला तरी त्या एका चालीला सरासरी सहापट काम लागतं.

आता थोडं थेट मुलाशी बोलतो.

बाळा, तू एकदम सहा चालींचा शोध सुरू करतोस असं दिसतं. आधी एक चाल खोल बघ, मग दोन, मग तीन. काम वाया जातंय असं वाटेल, पण प्रत्येक फेरीत सापडलेली उत्तम चाल पुढच्या फेरीत पहिली तपासता येते, आणि तिथंच सगळं वसूल होतं. तिच्यामागून मारामारीच्या चाली घे, त्यातही प्याद्यानं वजीर मारणं आधी आणि वजिरानं प्यादं मारणं शेवटी. त्यानंतर शेजारच्या फांदीत ज्या साध्या चालीनं शोध तोडला होता ती. तिलाच किलर मूव्ह म्हणतात.

नल मूव्ह तू घातलीस, ती चांगली युक्ती आहे. आपली पाळी सोडून द्यायची आणि तरीही आपण वरचढ राहतोय का ते बघायचं. पण राजाला शह असताना ती वापरायची नाही, आणि पटावर नुसते राजे-प्यादी उरल्यावरही नाही. तिथं कधीकधी चालावं लागणं हेच संकट असतं, त्सुगत्स्वांग म्हणतात ते. तुझे हरलेले डाव शेवटाकडे फिरलेत का, हे आधी तपास.

त्याहीआधी पर्फ्ट, म्हणजे ठरावीक चालींत नियमात बसणारे किती क्रम होतात ते प्रोग्रॅमकडून मोजून घेणं. सुरुवातीच्या मांडणीतून एक ते पाच चालींपर्यंत २०, ४००, ८,९०२, १,९७,२८१ आणि ४८,६५,६०९ हेच आकडे आले पाहिजेत. एकानं जरी चुकला तरी पुढचं सगळं थांबव. आणि हे जुळले म्हणून निर्धास्तही होऊ नकोस. या पाच चालींत कॅसलिंग, म्हणजे राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवणं, एकदाही होत नाही, त्यामुळं तिथली चूक लपून राहते. त्यासाठी किवीपीट नावाची मांडणी वापरतात, तिचे पहिले तीन आकडे ४८, २,०३९ आणि ९७,८६२.

राहिला सात-तीनचा निकाल. वडील, हे तुम्हीही वाचा. नाणं दहा वेळा उडवलं तर कुठली तरी एक बाजू सात किंवा जास्त वेळा पडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के असते. त्यात दोन्ही प्रोग्रॅम ठरलेल्या खोलीनं आणि दरवेळी त्याच मांडणीतून खेळले असतील, तर ते दहा डाव म्हणजे पांढऱ्यानं एक आणि काळ्यानं एक असे दोनच डाव पुन्हापुन्हा खेळले गेले. वेगवेगळ्या सुरुवाती घ्यायच्या, प्रत्येक सुरुवात दोन्ही रंगांनी खेळवायची, आणि एका वेळी एकच बदल. त्यानं दोन एकदम केले, आता दोष कुणाला द्यायचा? जॉब मापात बसला नाही तर तुम्ही टूल आणि फीड एकदम बदलत नाही, एक बदलता आणि मायक्रोमीटर लावता. स्टॉकफिश हा जगातला अव्वल प्रोग्रॅम असाच वाढला. २०१३ पासून त्यातला बदल फिशटेस्ट नावाच्या चाचणीच्या व्यवस्थेतून स्वयंसेवकांच्या मशीनवर हजारो डाव खेळवून बघतात, आणि टिकला तरच ठेवतात. डोकेबाज वाटणाऱ्या कितीतरी कल्पना तिथं गळतात. मला त्या कामातली हीच शिस्त सगळ्यात मोलाची वाटते.

करिअर फक्त बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमवर उभं राहील असं मी सांगणार नाही, तशा नोकऱ्या फार थोड्या. पण अफाट शक्यतांतून नको त्या लवकर छाटणं हेच काम वेळापत्रकं, मालवाहतुकीचे मार्ग, चिपची रचना यांत पगारी लोक करतात. त्यासाठी कॉम्प्युटर इंजिनीअरिंग हा सरळ रस्ता, आणि एमएचटी-सीईटीत २०० पैकी १०० गुण गणिताचे आहेत. गणिताची खरी ओढ असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची गणित आणि कॉम्प्युटर सायन्सची बीएस्सी आहे, तिची प्रवेश परीक्षा वेगळी द्यावी लागते. दोन्हीकडं बारावी लागतेच, म्हणून जागरणं आजपासून बंद.

पण प्रोग्रॅम बंद करायला लावू नका. रविवारी दोन तास त्याला द्या, त्यात तो एक बदल करेल. मग क्यूटचेससारख्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर नव्या-जुन्याचे डाव लावून द्यायचे आणि झोपायचं. डाव मशीन खेळतं, त्याला कुणी जागं लागत नाही. सकाळी निकाल वहीत लिहायचा: तारीख, बदल काय केला, किती डाव, किती गुण, ठेवला की काढला. वर्कशॉपात तपासणीचं रजिस्टर कसं आखता ते त्याला दाखवा, तीच वही त्याला आखून द्या. पहिल्या पानावर पर्फ्टचे आकडे येऊ देत, आणि तपासणाऱ्याच्या रकान्यात सही तुमची.