वाचकांचे प्रश्न : अमेरिकेत दोष कुणाचा आणि जागा कुणाच्या?

अमेरिकी काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मध्यावधी (राष्ट्राध्यक्षांच्या मुदतीच्या मध्यावर येणारी) निवडणूक 3 नोव्हेंबर 2026 रोजी आहे. हाऊस आणि सिनेट ही तिची दोन सभागृहे. त्याबद्दल जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : 2025 मध्ये अमेरिकेचे सरकार 43 दिवस बंद होते. राष्ट्राध्यक्ष रिपब्लिकन, दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचे, तरी ठपका डेमोक्रॅट्सवर. आमच्या पारावर रोज हाच वाद चालतो, ‘चूक कोनी?’ (वाचक, अमळनेर)

तिथले आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबरला सुरू होते. त्याआधी खर्चाची 12 विधेयके किंवा निदान तात्पुरती मंजुरी पार पडावी लागते, नाहीतर खात्यांना पैसे खर्च करण्याचा कायदेशीर अधिकारच राहत नाही. सिनेटमध्ये 100 सदस्य आहेत आणि 51 मतांनी विधेयक मंजूर होते. पण त्याआधी चर्चा थांबवून मतदान घ्यायला 60 मते लागतात. रिपब्लिकनांकडे 53 होती. म्हणजे समोरच्या बाकांवरची किमान सात मते हवीत. आरोग्य विम्याच्या हप्त्यावर मिळणारी वाढीव सवलत 31 डिसेंबर 2025 ला संपणार होती, ती वाढवा, ही डेमोक्रॅट्सची अट. आधी सरकार सुरू करा, मग बोलू, हे रिपब्लिकनांचे उत्तर.

शेवटी रिपब्लिकन सिनेटर रँड पॉल विरोधात गेल्यामुळे सातऐवजी आठ मते लागली. डेमोक्रॅटिक गटातले आठ जण फुटले, विधेयक 60 विरुद्ध 40 असे पार पडले आणि 12 नोव्हेंबरला सरकार उघडले. विम्याच्या सवलतीवर डिसेंबरात मतदान झाले, पण तिला 60 मते मिळाली नाहीत.

चूक कुणाची याचे उत्तर तुम्ही कुठे बोट ठेवता त्यावर आहे. मते अडवली डेमोक्रॅट्सनी, हे खरे. 60 मतांची अट मात्र राज्यघटनेत नाही, तो सिनेटचा स्वतःचा नियम आहे. बहुमतातला पक्ष तो बदलू शकतो. रिपब्लिकनांनी तो ठेवला, हेही खरे. आपल्याकडे लोकसभेने खर्चाला मंजुरी नाकारली तर सरकारला राजीनामा द्यावा लागतो. तिथे राष्ट्राध्यक्ष मुदत संपेपर्यंत जागेवरच असतात. त्यामुळे घाई कुणालाच नसते आणि विमानतळावरचे तपासनीस, हवाई वाहतूक नियंत्रक पगाराविना कामावर येत राहतात. या रचनेतला मला सर्वांत अन्यायाचा वाटणारा भाग हाच आहे.

प्रश्न : जनमत पाहणीत ज्या पक्षाला लोक दोष देतात, तो पुढच्या निवडणुकीत हरतो का? (प्राध्यापक वाचक, धुळे)

इतिहास तसे सांगत नाही. 1 ते 16 ऑक्टोबर 2013 या काळात सरकार बंद होते आणि पाहण्यांत रिपब्लिकनांवर जास्त ठपका होता. पुढच्याच वर्षी, 2014 मध्ये, त्यांनी हाऊसमध्ये 13 आणि सिनेटमध्ये 9 जागा वाढवून सिनेट ताब्यात घेतले. मधल्या काळात काय घडले? डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या आरोग्य विम्याची वेबसाइट त्याच 1 ऑक्टोबरला सुरू होऊन कोलमडली. सरकार उघडताच बातम्यांत तीच राहिली. एका वर्षाच्या अंतरात मतदाराच्या मनातला राग दुसऱ्या विषयाकडे वळतो. 1995-96 मधल्या 21 दिवसांच्या बंदनंतरही तसेच झाले. 1996 ला डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष क्लिंटन पुन्हा निवडून आले, पण ज्यांना दोष दिला गेला त्या रिपब्लिकनांनी दोन्ही सभागृहे राखली.

दोषापेक्षा टिकाऊ नियम वेगळा आहे : मध्यावधीत राष्ट्राध्यक्षांचा पक्ष हाऊसमध्ये जागा गमावतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अपवाद दोनच, 1998 आणि 2002. पहिल्या वेळी क्लिंटन यांच्यावरील महाभियोगाची तयारी विरोधकांवर उलटली, दुसऱ्या वेळी 11 सप्टेंबरच्या हल्ल्याची सावली होती. एरवी 1994 ला डेमोक्रॅट्सनी 54, 2010 ला 63, तर 2018 ला रिपब्लिकनांनी सुमारे 40 जागा घालवल्या. कारण हजेरीत आहे. राष्ट्राध्यक्ष निवडीच्या वर्षी 2020 ला सुमारे 66 टक्के पात्र मतदार बाहेर पडले. 2018 ची मध्यावधी अनेक दशकांतली सर्वाधिक मतदानाची, तरी ती सुमारे 50 टक्क्यांवर थांबली. जे मतदार घरी राहतात त्यांत सत्ताधाऱ्यांवर समाधानी असलेले जास्त असतात. चिडलेला माणूस रांगेत उभा राहतोच.

म्हणून दोषाचा खरा उपयोग मत फिरवण्यापेक्षा आपल्या माणसाला घराबाहेर काढण्यासाठी होतो. दोन्ही पक्ष एवढा जोर लावतात तो यासाठी.

प्रश्न : मग डेमोक्रॅट्सची संधी किती? (वाचक, शिरपूर)

दोन सभागृहांचा हिशेब वेगवेगळा मांडावा लागतो.

हाऊसच्या सर्व 435 जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. 2024 चा निकाल रिपब्लिकन 220, डेमोक्रॅट 215 असा होता आणि बहुमत 218 ला. म्हणजे तेव्हाच्या आकड्यावर तीन जागांची निव्वळ वाढ पुरते. खरी लढत मोजक्या ठिकाणी असते. 2024 च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत ट्रम्प जिंकले त्यांपैकी 13 मतदारसंघांत हाऊसचा सदस्य डेमोक्रॅट निवडून आला, आणि डेमोक्रॅट उमेदवार हॅरिस जिंकल्या त्यांपैकी फक्त तीन ठिकाणी रिपब्लिकन. यावेळी मात्र नकाशाच बदलला आहे. आपल्याकडे मतदारसंघाच्या सीमा परिसीमन आयोग ठरवतो. धुळे लोकसभेत मालेगाव आणि बागलाण, रावेरमध्ये मलकापूर आले ते आयोगाच्या आदेशाने, कुठल्या पक्षाच्या ठरावाने नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत ही रेघ विधिमंडळच ओढते. टेक्सासने ऑगस्ट 2025 मध्ये रिपब्लिकनांना पाच जागा जास्त मिळाव्यात या हेतूने नवा नकाशा केला. कॅलिफोर्नियाने 4 नोव्हेंबर 2025 च्या जनमताने डेमोक्रॅट्ससाठी तितक्याच जागांचा उलट डाव टाकला. मिसुरी आणि नॉर्थ कॅरोलिना टेक्सासच्या वाटेने गेले. यात एक धोकाही असतो. जास्त जागा काढण्यासाठी आपले मतदार पातळ पसरवले, की लाट उलटी आल्यावर हक्काच्या जागाही जातात.

सिनेटचे गणित कठीण आहे. सदस्याची मुदत सहा वर्षे, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश जागा. यावेळी ओहायो आणि फ्लोरिडाच्या पोटनिवडणुका धरून 35 जागा आहेत, त्यांपैकी 22 रिपब्लिकनांच्या. डेमोक्रॅट्सना चार जागांची निव्वळ वाढ हवी, कारण 50-50 झाले तर उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांचे मत निर्णायक ठरते. मेन आणि नॉर्थ कॅरोलिना या राज्यांतल्या जागा हाती लागण्याजोग्या. पुढच्या दोन ओहायो, आयोवा, टेक्सास अशा ठिकाणी काढाव्या लागतील, आणि जॉर्जिया व मिशिगन हातची जाऊ न देता. 2018 आठवा : हाऊसमध्ये सुमारे 40 जागा घालवूनही रिपब्लिकनांनी सिनेटमध्ये दोन वाढवल्या, कारण त्या वर्षी डेमोक्रॅट्सच्या जास्त जागा पणाला होत्या आणि त्यांतल्या दहा ट्रम्प जिंकलेल्या राज्यांत होत्या. माझ्या मते हाऊस फिरण्याची शक्यता सिनेटपेक्षा बरीच जास्त आहे.

प्रश्न : पाहण्यांचे आकडे रोज बदलतात. वाचायचे कसे? (वाचक, चोपडा)

आधी नमुना बघा. 1,000 लोकांच्या पाहणीत प्रत्येक आकड्याला साधारण 3 टक्के वरखाली चूक धरतात. दोन पक्षांतल्या फरकाला ती जवळपास दुप्पट होते. म्हणून 46 विरुद्ध 43 म्हणजे आघाडी पक्की असे समजू नका. नंतर कोणाला विचारले ते बघा : सर्व प्रौढ, नोंदणीकृत मतदार, की नक्की मतदान करणारे. मध्यावधीत तिसऱ्या गटाचा आकडा कामाचा. पक्षाने स्वतः करवून जाहीर केलेली पाहणी बाजूला ठेवा, कारण प्रतिकूल निघालेली पाहणी ते छापत नाहीत.

‘दोष कुणाचा’ या प्रश्नात तर शब्दरचनाच निकाल ठरवते. ‘दोघांचाही सारखा’ हा पर्याय दिला की मोठा गट तिकडे सरकतो. आणि पक्षाचे पाठीराखे ठरलेलेच उत्तर देतात, म्हणून कोणत्याच पक्षाला बांधलेले नसलेल्या मतदारांचा रकाना वेगळा वाचा.

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत ग्रीन कार्डवर आहे. त्याला मत देता येईल? (वाचक, शहादा)

नाही. मत फक्त नागरिकाला. ग्रीन कार्डवाल्याने या निवडणुकीत मत दिले तर तो गुन्हा आहे, देशाबाहेर काढले जाऊ शकते आणि पुढे नागरिकत्वही अडू शकते. चूक बहुधा गाडीचा परवाना काढताना होते. त्याच अर्जात मतदार नोंदणीचा प्रश्न येतो आणि घाईत ‘मी नागरिक आहे’ या चौकटीत खूण पडते. तिथे थांबून वाचायला सांगा. सून किंवा नातलग नागरिक झाले असतील तर नोंदणीची मुदत न्यू जर्सीत मतदानाच्या 21 दिवस आधी, टेक्सासात 30 दिवस आधी संपते.

प्रश्न : निकाल कधी कळेल, आणि त्यावर कापूस रोखून धरावा का? (शेतकरी वाचक, पारोळा)

त्या निकालासाठी कापूस धरू नका. 2025 मध्ये भारतीय मालावर आधी 25 आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25 टक्के शुल्क राष्ट्राध्यक्षांनी काँग्रेसच्या मतदानाशिवाय लावले. हाऊस बदलले तरी चौकशा होतील, साक्षी होतील, खर्चाची विधेयके अडतील. पण राष्ट्राध्यक्षांचा व्हेटो (नकाराधिकार) मोडून कायदा करायला दोन्हीकडे दोन तृतीयांश लागतात, सगळे हजर असतील तर 290 आणि 67. एवढे बळ कुणालाच मिळण्याची चिन्हे नाहीत. आपल्या जिनिंगच्या दारातला भाव दिल्लीच्या निर्णयाने जास्त हलतो. कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट ते 31 डिसेंबर 2025 असे माफ झाले, ते ऐन वेचणीच्या हंगामात. लक्ष तिकडे ठेवा.

निकालाचे म्हणाल तर तिकडची घड्याळे 1 नोव्हेंबरला एक तास मागे जातात. पूर्व किनाऱ्यावर रात्री 8 म्हणजे आपल्याकडे 4 नोव्हेंबरची सकाळी साडेसहा, कॅलिफोर्नियात मतदान संपते तेव्हा साडेनऊ. देशभराची मोजणी करणारा एकच निवडणूक आयोग तिथे नाही, प्रत्येक राज्य आपली मोजणी करते. कॅलिफोर्नियात बहुतेक मते टपालाने येतात, ती मोजायला आठवडे लागतात. फरक थोडा असेल तर हाऊस कुणाचे हे दिवाळीपर्यंतही ठरणार नाही. जॉर्जियात कुणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत तर चार आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होते. नवे सभासद 3 जानेवारी 2027 ला शपथ घेतील, तोवर जुनेच बसतील.