शब्दांची विचारपूस : घोकंपट्टी कुठे म्हणावी, कुठे नाही

प्रश्न : आमच्या घरी कन्नड बोलतात. मुलगी मराठी शाळेत सातवीत आहे. ‘घोकंपट्टी या शब्दाचा वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला तिनं लिहिलं, ‘माझे आजोबा रोज पहाटे सिद्धरामेश्वरांच्या वचनांची घोकंपट्टी करतात.’ बाईंनी फुली मारली, कारण लिहिलं नाही. वाक्यात चूक काय आहे?
— एक पालक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : व्याकरणात काहीही चूक नाही, हे आधी मुलीला सांगा. घोकंपट्टी हे स्त्रीलिंगी नाम आहे, ती ‘केली’ जाते, आणि कशाची केली हे सांगताना ‘ची’ लागते. मुलीनं हे सगळं नीट सांभाळलं आहे. फुली पडली ती शब्दाच्या रोखामुळे. घोकंपट्टी म्हणणं म्हणजे ठपका ठेवणं. जिथे समजून घ्यायला हवं होतं तिथे समजून न घेता नुसते शब्द म्हणून म्हणून डोक्यात बसवले, असा तो ठपका असतो. म्हणजे नातीनं नकळत आजोबांना बोल लावला. तिच्या मनात तसं नव्हतं, म्हणून फुलीबरोबर दोन शब्द समजुतीचे लिहायला हवे होते असं मला वाटतं.

आजोबा म्हणतात ती सोलापूरचे संत सिद्धरामेश्वर यांची वचनं, म्हणजे छोटी गद्यकाव्यं, बाराव्या शतकातली, बसवेश्वरांच्या काळातली, आणि ती आजोबांच्याच भाषेत आहेत. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही त्यांतली नाममुद्रा, म्हणजे वचनात येणारी रचनाकाराची खूण, आजोबांनी आयुष्यभर उच्चारली असेल. पण ती परीक्षेत उतरवण्यासाठी नव्हे. तिथे पुन्हापुन्हा म्हणणं हीच उपासना आहे. तेव्हा ‘आजोबा वचनांचं पठण करतात’ किंवा ‘आजोबांना वचनं मुखोद्गत आहेत’ असं लिहावं. घरगुती वाक्य हवं असेल तर ‘तोंडपाठ आहेत’ म्हणावं. कन्नडमध्ये तुम्ही ‘बायिपाठ’ म्हणता. त्यातला ‘बायि’ म्हणजे तोंडच, त्यामुळे हा शब्द मुलीला परका वाटणार नाही. लक्षात ठेवायची बाब एवढी, की वचनं तोंडपाठ ‘असतात’ किंवा ‘होतात’, घोकंपट्टी मात्र कुणीतरी ‘करतं’. ‘मला कविता घोकंपट्टी आहे’ असं वाक्य मराठीत होत नाही.

वेदपाठशाळेतल्या पाठांतरालाही पुष्कळजण सरसकट घोकंपट्टी म्हणतात, ते मला पटत नाही. घनपाठात शब्द एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा क्रमानं म्हणतात, मग एक शब्द पुढे सरकून पुन्हा तेच. वरवर पाहता याहून यांत्रिक काही नसेल. पण लिहून ठेवण्याची रीत नव्हती तेव्हा एक अक्षरही इकडचं तिकडे होऊ नये म्हणून ही रचना बांधली गेली. अर्थ कळला नाही तर तो शिकणाऱ्याचा तोटा खराच, तरी पाठांतराचं काम त्यानं चोख केलेलं असतं.

मग घोकंपट्टी कुठे शोभते? आपल्याच गावचं उदाहरण घ्या. ‘मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन ही चार नावं आणि १२ जानेवारी १९३१ ही तारीख साऱ्या वर्गानं घडाघडा म्हटली, पण १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ का लागला आणि या चौघांना येरवड्यात फाशी का झाली, हे विचारल्यावर एकही हात वर झाला नाही, तेव्हा सरांना वाटलं, ही सगळी घोकंपट्टीच झाली.’ वाक्य लांबलं आहे, पण शब्द इथे नेमका बसतो. काय म्हणता आलं आणि काय कळायचं राहिलं, दोन्ही त्यात दिसतं. छोटं हवं तर : ‘प्रमेयाची घोकंपट्टी केल्यामुळे आकृतीतली अक्षरं बदलताच तो अडला.’

मार्गदर्शकातलं ‘घोकंपट्टीने खरे ज्ञान मिळत नाही’ हे वाक्य मुलं पाठ करून लिहितात आणि त्यांना गुण मिळतात. माझं मन विचाराल तर त्या निर्जीव वाक्यापेक्षा तुमच्या मुलीचं फुली पडलेलं वाक्य मला कितीतरी मोलाचं वाटतं. तिनं स्वतःच्या घरात पाहिलेलं लिहिलं आहे. तिला तोच प्रसंग ठेवून ‘मुखोद्गत’ वापरायला सांगा, आणि घोकंपट्टीसाठी स्वतःच्या अभ्यासातला एखादा प्रसंग आठवायला सांगा.

प्रश्न : घोकंपट्टी, घोकमपट्टी की घोकणपट्टी?
— एक विद्यार्थी, अक्कलकोट

उत्तर : घोकंपट्टी. अनुस्वारापुढे ‘प’ आल्यामुळे उच्चारात ‘म्’ ऐकू येतो, म्हणून काहीजण तो अक्षरात उतरवतात. लिहिताना अनुस्वारच द्यावा.

प्रश्न : मी टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहे. भावाला निरोप लिहिला, ‘दिवसभर तीच घोकंपट्टी, जीव कंटाळतो.’ तो म्हणाला, शब्द चुकला. एकच काम सारखं सारखं करण्याला घोकंपट्टी म्हणत नाहीत का?
— एक कामगार, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : भावाचं बरोबर आहे. घोकणं हे तोंडानं किंवा मनातल्या मनात ‘म्हणून’ होतं, त्याला शब्द लागतात. पाढे, सनावळ्या, व्याख्या, उत्तरं यांची घोकंपट्टी होते. हातांनी होणाऱ्या कामाची होत नाही. ‘रोजचं तेच रहाटगाडगं, जीव कंटाळतो’ असं लिहिलं असतंत तर तुमचा शीण भावापर्यंत नेमका पोचला असता.

हातकामाच्या पुनरावृत्तीला मराठीत दोन निराळे शब्द आहेत आणि त्यांची गल्लत झाली तर माणसावर अन्याय होतो. एक ‘यंत्रवत’. मन कामात नाही, हात आपले चालले आहेत, असा त्याचा अर्थ. दुसरा ‘हात बसणे’. करून करून कसब अंगात मुरलं, असा त्याचा अर्थ. पूर्व भागात उंबऱ्यात बसून विड्या वळणाऱ्या बाया शेजारणीशी बोलत असतात, लेकराकडे बघत असतात आणि सुपातल्या पानावर तंबाखू बरोबर तेवढीच पडते. तिथे ‘यंत्रवत वळतात’ असं लिहू नये. ‘त्यांचा हात बसला आहे’ असं लिहावं.

खरी यंत्रवत पुनरावृत्ती पाहायची तर तुमच्या डोक्यावरच्या जकार्डकडे पाहा. हे साधन फ्रान्समध्ये जोझेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास तयार केलं. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ असते, एकेक पुठ्ठा आडव्या धाग्याच्या एकेका फेकीला कोणते उभे धागे उचलायचे ते ठरवतो. माळ संपली की पहिला पुठ्ठा पुन्हा वर येतो आणि टॉवेलवर तेच फूल पुन्हा उमटतं. पुठ्ठ्याला फूल ठाऊक नसतं. तुम्हाला मात्र फुलाची पाकळी तुटलेली दिसते, खडखडाट जरा बदलला तरी धागा तुटल्याचं कळतं. म्हणून कंटाळा लिहायला ‘रहाटगाडगं’ घ्या, तुमच्या कसबाबद्दल लिहाल तेव्हा ‘हात बसलाय’ म्हणा.

प्रश्न : पोपटपंची आणि घोकंपट्टी एकच का? ‘री ओढणे’ कुठे वापरावं?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : एक नाहीत. घोकंपट्टी अभ्यासाच्या वेळी होते, पोपटपंची चारचौघांत बोलताना. ‘नव्या सदस्यानं सभेत कुणीतरी लिहून दिलेल्या भाषणाची पोपटपंची केली.’ री ओढण्यात पाठांतर मुळीच नसतं, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळणं असतं : ‘अध्यक्ष बोलले की बाकीचे त्यांचीच री ओढतात.’ गाऱ्हाणी पुन्हापुन्हा सांगितली तर ‘तक्रारींचा पाढा वाचला’ म्हणतात. जुनाच विषय उगाळत बसलं तर ‘तेच ते दळण’ म्हणतात.

प्रश्न : मी पहिलीच्या वर्गाला शिकवते. बहुतेक मुलांच्या घरी तेलुगू आहे. ती मराठी कविता सुरात म्हणतात, पण अर्थ कळत नाही. वरिष्ठ म्हणतात, ही घोकंपट्टी बंद करा. काय करू?
— एक शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : बाई, कविता बंद करू नका. या वयात मराठीचे आवाज जिभेवर बसणं हेच शिकणं असतं, ‘ळ’ आणि ‘च’ यांच्या छटा त्याशिवाय येत नाहीत. त्याला पाठांतर म्हणावं.

याच भागात मी मराठी शिकवत असे, तेव्हा मुलांना सगळ्यात जड जाई ते लिंग. तेलुगूत निर्जीव वस्तूंना तो-ती-ते असा भेद नाही, सगळ्याला एकच ‘अदि’. आपल्याकडे तो दगड, ती भिंत, ते दार. का, असं मुलानं विचारलं तर तुमच्या-माझ्याकडेही त्याला पटेलसं उत्तर नाही. समजून घ्यायला कारणच नसतं, तिथे घोकण्यावाचून दुसरा मार्ग नसतो. ‘ती भिंत, पांढरी भिंत, माझी भिंत’ असं विशेषणासकट घोकून घ्या. सुटं ‘भिंत स्त्रीलिंग’ घोकलं तर बोलताना उपयोगी पडत नाही. आणि इथे ‘घोकून’ म्हणायला मी कचरत नाही, कारण ‘पाढे घोकणे’ म्हणण्यात दोष नाही. ‘पट्टी’ जोडली की तो ठपका होतो.

वरिष्ठांची काळजी मात्र अगदीच चुकीची नाही. न समजता पाठ करण्याला तेलुगूत ‘बट्टी पट्टडम्’ म्हणतात, ते पुढे चौथी-पाचवीत विज्ञानाच्या उत्तरांना चिकटलं, तर सोडवणं फार अवघड जातं. म्हणून कविता म्हणून झाली की मुलांना तिच्यातलं एक चित्र काढायला सांगा, एखाद्या ओळीचा अर्थ त्यांना तेलुगूतच सांगू द्या. तुम्हाला तेलुगू येत नसेल तर चौथीतली एखादी ताई वर्गात बोलवा, ती दोन्ही भाषांत सांगेल. आणि प्रगतिपत्रकात ‘घोकंपट्टी करतो’ हा शेरा सहा वर्षांच्या मुलाला कधीच देऊ नका. ‘कविता छान पाठ आहे, आता अर्थ सांगायला लागला आहे’ असं लिहा. ते वाचून घरचेही त्याला अर्थ विचारायला लागतील.